वनस्पतींचे अर्क आणि कॅन्सरच्या पेशी : लॅबमधल्या टेस्टिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे एमएस्सी-पीएचडीची मुलंमुली, ज्यांना गाईडने एखादी वनस्पती हातात देऊन "हिची अँटीकॅन्सर अ‍ॅक्टिव्हिटी बघ" म्हणून सांगितलंय. दुसरे वैद्य आणि वनस्पतींची माहिती असलेले लोक. आणि तिसरे, ज्यांच्या घरात कॅन्सरचा पेशंट आहे आणि मोबाईलवर रोज नवीन काहीतरी येतंय. कारणं वेगळी असली तरी प्रश्न बरेचसे तेच, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहितेय.

अमुक वनस्पतीने कॅन्सरच्या पेशी मेल्या असं पेपरमध्ये आलंय, म्हणजे औषध सापडलं ना?

नाही. प्लेटमधल्या पेशी मारणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे, ब्लीचने मरतात, दारूने मरतात, नुसतं मीठ जास्त झालं तरी मरतात. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात : किती मात्रेला मेल्या, त्याच मात्रेला चांगल्या पेशींचं काय झालं, ती मात्रा माणसाच्या रक्तात पोचू शकते का, आणि अर्कातल्या शेकडो घटकांपैकी नेमकं कोण हे करतंय. कुठलाही पेपर वाचताना किंवा स्वतःचा रिझल्ट बघताना हे चार प्रश्न आधी विचारा, निम्म्या बातम्या तिथेच गळून पडतात.

या कॅन्सरच्या पेशी येतात कुठून? पेशंटकडून रोज घेतात का?

नाही, बहुतेक काम सेल लाइनवर चालतं, म्हणजे कधीतरी एका पेशंटच्या गाठीतून घेतलेल्या आणि लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढत राहिलेल्या पेशी. सगळ्यात प्रसिद्ध हेला, त्या १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेतल्या, त्यांना न विचारता. त्याच वर्षी त्या गेल्या, वय होतं ३१, आणि त्यांच्या पेशी आजही जगभरच्या इन्क्युबेटरमध्ये वाढतायत, घरच्यांना मात्र हे कळायला वीसेक वर्षं गेली. हेलावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बाकी स्तनाच्या कॅन्सरसाठी एमसीएफ-७, फुप्फुसासाठी ए-५४९, यकृतासाठी हेप-जी-२, आतड्यासाठी एचसीटी-११६ या नेहमीच्या. आपल्याकडे पुण्याच्या एनसीसीएस मधून, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या रिपॉझिटरीतून, सेल लाइन मागवता येतात, आणि तिथूनच मागवा. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उचलून आणायची सवय वाईट आहे, कारण पेशींची अदलाबदल फार होते, हेला इतक्या जोमाने वाढते की दुसऱ्या फ्लास्कमध्ये चुकून थेंबभर गेली तरी काही आठवड्यांत तिथे फक्त हेलाच उरते. वर्षानुवर्षं तोंडाच्या कॅन्सरच्या म्हणून वापरलेल्या केबी पेशी शेवटी हेलाच निघाल्या. म्हणून एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी टेस्ट) करून घ्यायचं आणि मायकोप्लाझ्मा या अगदी बारीक जिवाणूची टेस्ट ठरावीक दिवसांनी करायची, मायकोप्लाझ्मा साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडियम गढूळही होत नाही, पण सगळे आकडे बिघडवतो.

प्रयोग नेमका कसा करतात? जरा साध्या भाषेत सांगा.

पेशी ३७ डिग्री आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात, खाद्य म्हणून मीडियम आणि त्यात साधारण १० टक्के वासराचं सीरम. त्या मोजून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकायच्या, एकेका खळग्यात पाच ते दहा हजार, रात्रभर तळाला चिकटू द्यायच्या, दुसऱ्या दिवशी अर्क वेगवेगळ्या मात्रांमध्ये घालायचा आणि २४, ४८ किंवा ७२ तास थांबायचं. मग किती जिवंत आहेत ते बघायचं.

बघायची जुनी आणि अजूनही सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे एमटीटी, १९८३ मध्ये टिम मॉसमन यांनी मांडलेली. एमटीटी हा पिवळा पदार्थ, जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मझान करतात. तीन-चार तासांनी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली की जिवंत पेशींवर जांभळ्या सुयांचे झुबके उगवलेले दिसतात, आणि जिथे अर्काने काम केलंय तिथे रिकामी फिकट जमीन आणि गोल झालेल्या, तळ सोडून तरंगणाऱ्या पेशी. मग मीडियम काढून टाकायचं, हे अगदी हळू, पिपेटचं टोक खळग्याच्या कडेला टेकवून, कारण स्फटिक तळाशी सैल असतात आणि घाईत ओढलं की तेही जातात आणि तुम्हाला वाटतं पेशी मेल्या. उरलेले स्फटिक डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरला रंग मोजायचा. प्लेटच्या कडेच्या खळग्यांमधलं पाणी उडतं, म्हणून तिथे पेशी न टाकता नुसतं बफर भरून ठेवलेलं बरं.

जांभळा रंग कमी आला म्हणजे पेशी मेल्या, बरोबर?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

एमटीटी पेशींची संख्या मोजत नाही, त्यांचा चयापचय मोजतं. पेशी मेल्या, किंवा नुसत्या मंदावल्या, किंवा वाढायच्या थांबल्या, तिन्ही वेळा रंग कमीच येतो. समजा तुम्ही सुरुवातीला एका खळग्यात ५,००० पेशी टाकल्या, ७२ तासांत कंट्रोलमध्ये, म्हणजे अर्क न घातलेल्या खळग्यात, त्या दोनदा दुप्पट होऊन २०,००० झाल्या आणि अर्काच्या खळग्यात १०,००० आहेत. रिपोर्टमध्ये येणार "५० टक्के", आणि लिहिणारा लिहिणार "निम्म्या पेशी मेल्या", पण तिथे ५,००० च्या १०,००० झाल्यात, एकही मेली नसेल, फक्त वाढ मंदावली. म्हणून अर्क घालायच्या वेळी एक प्लेट तिथल्या तिथे मोजून ठेवायची, झीरो-अवरची, आणि शेवटचा आकडा तिच्याशीही ताडून बघायचा. एसआरबी पद्धतीत हे आधीपासूनच बसवलेलं असतं, त्यात पेशींची प्रथिनं रंगवतात आणि वाढ अर्धी झाली ती मात्रा, वाढ पूर्ण थांबली ती मात्रा आणि सुरुवातीच्या पेशी निम्म्या झाल्या ती मात्रा असे तीन वेगळे आकडे मिळतात.

दुसरी भानगड वनस्पतींच्या अर्काचीच. पॉलिफेनॉल आणि व्हिटॅमिन सी सारखे घटक पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. पानांचा अर्क हिरवा असतो, तो रंग स्वतःच रीडिंगमध्ये भर घालतो. टॅनिन जास्त असेल तर मीडियममधली प्रथिनं साकळतात. आणि मात्रा खूप वाढवली की कधी कधी अर्काच्या आंबटपणानेच मीडियमचा गुलाबी रंग पिवळा पडतो, मग पेशी आम्लाने मेल्या की तुमच्या घटकाने हे देव जाणे. म्हणून प्रत्येक मात्रेला पेशी नसलेला एक खळगा ठेवायचा, एमटीटी घालायच्या आधी अर्क धुवून काढायचा, आणि एवढं करूनही दुसऱ्या एका पद्धतीने, निदान ट्रिपॅन ब्लूने (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) मोजून, रिझल्ट पडताळायचा.

आयसी-५० किती आला तर चांगला म्हणायचा?

आयसी-५० म्हणजे कंट्रोलच्या तुलनेत रीडिंग निम्म्यावर आणणारी मात्रा, जितकी कमी तितका अर्क ताकदवान. कच्च्या अर्कासाठी साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आला तर पुढे जाण्यात अर्थ आहे, शुद्ध घटकाकडून त्याहून बरीच जास्त ताकद अपेक्षित असते. ३००-४०० मायक्रोग्रॅमला आलेला आयसी-५० "लक्षणीय" म्हणून छापलेला मी पुष्कळ वेळा वाचलाय आणि दर वेळी त्रास होतो. साधा हिशेब करा : माणसात सुमारे ५ लिटर रक्त, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली ही पातळी हवी तर फक्त रक्तातच एका वेळी अर्धा ग्रॅम अर्क असायला हवा, तोही पूर्ण शोषला गेलेला, यकृताने न फोडलेला, बाकी शरीरात कुठेही न पसरलेला. तसं होत नाही.

आणि आयसी-५० एकटा सांगू नका. किती तास, किती पेशी, कुठली लाइन, सीरम किती, हे नसेल तर दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. सोबत माहितीतलं औषध हवंच, डॉक्सोरुबिसिन म्हणजेच अ‍ॅड्रियामायसिन नेहमी वापरतात, त्याचा आकडा तुमच्या हातून नीट येत नसेल तर अर्काच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार.

एकाच प्लेटमध्ये तीन खळगे घेतलेत, एन बरोबर तीन लिहू का?

नको. एन म्हणजे स्वतंत्र प्रयोग किती वेळा केला ते. हे एकाच प्रयोगाचे तीन वाचन आहेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये परत वाढवलेल्या) पेशींवर, अर्क नव्याने पातळ करून तीनदा करा, मग तीन.

नॉर्मल पेशींवर टेस्ट करणं गरजेचं आहे का? खर्च वाढतो.

हो, वाढला तरी करा. त्याशिवाय तुमच्याकडे फक्त एक विष आहे, कशावरचं ते माहीत नाही. नॉर्मल पेशींचा आयसी-५० भागिले कॅन्सरच्या पेशींचा आयसी-५०, याला सिलेक्टिव्हिटी इंडेक्स म्हणतात, तो १ च्या आसपास असेल तर अर्क दोघांनाही सारखाच मारतोय. फक्त तुलना प्रामाणिक हवी, कॅन्सरच्या लाइन भराभर वाढतात आणि नॉर्मल फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) सावकाश, वाढणाऱ्यावर घाव घालणारा कुठलाही पदार्थ मग आपोआप "सिलेक्टिव्ह" दिसतो. हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशी घेऊन त्यांना स्तनाच्या नॉर्मल पेशींच्या जागी उभं करणं हेही पटण्यासारखं नाही, शक्य तर त्याच अवयवाच्या घ्या.

अर्क कशात काढायचा? पाण्यातला काढा चालेल का?

चालेल, पण काढायला काय बसलोय ते आधी ठरवा. पारंपरिक उपयोग काढ्याचा असेल तर पाण्याचा अर्क घ्यायलाच हवा, पण पाण्यात न विरघळणारे घटक त्यात येणार नाहीत. म्हणून बहुतेक जण पानं किंवा साल सावलीत वाळवून, दळून, मेथनॉल किंवा इथेनॉलमध्ये भिजवून किंवा सॉक्सलेटमध्ये (गरम सॉल्व्हंट परत परत फिरवून अर्क काढणारं काचेचं उपकरण) लावून काढतात आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवतात, हेक्झेन, इथाइल अ‍ॅसिटेट वगैरेने त्याचे भाग नंतर पाडता येतात. मेथनॉल पूर्ण उडालंय याची खात्री करा. पेशींना देताना डीएमएसओत विरघळवतात, तो शेवटी खळग्यात ०.१ ते ०.५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल ठेवायचाच.

वनस्पती मला लहानपणापासून माहितीये, तरी सर्टिफिकेट लागतं का?

लागतं. एकच मराठी नाव दोन तालुक्यांत दोन झाडांना असतं. फुलाफळासकट नमुना वाळवून पुण्यात कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळखून घ्या, नमुना क्रमांक घ्या. कुठल्या महिन्यात, कुठल्या डोंगरावरून, कुठला भाग आणला तेही लिहा, कारण घटकांचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं आणि पुढच्या वर्षी तोच अर्क तसाच येईल असं नाही.

मग असं टेस्टिंग करून खरंच कधी औषध झालंय का?

झालंय, आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम करणारा एक माणूस नंदुरबारचा. मनसुख वाणी, जन्म १९२५, शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएचडी, आणि पुढे नॉर्थ कॅरोलायनात रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मोनरो वॉल यांच्याबरोबर आयुष्यभर काम. १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतीतज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल आणली होती. तिचा अर्क १९६४ मध्ये केबी पेशींवर विषारी निघाला, हो, त्याच केबी ज्या पुढे हेला ठरल्या. मग अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग टेस्ट करायचा, जो चालतो तो परत विभागायचा, असं करत करत १२ किलो सालीतून शेवटी सुमारे अर्धा ग्रॅम शुद्ध घटक हातात आला. त्याची रचना १९७१ मध्ये छापली गेली. हाच टॅक्सॉल. १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी तो पेशी विभागताना लागणाऱ्या सूक्ष्म नळ्या गोठवून ठेवतो हे दाखवलं, आणि १९९२ ला अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. साल आणल्यापासून ३० वर्षं! मराठी शाळांच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाणींचा धडा असायला हवा असं मला फार वाटतं, २०२० मध्ये ते गेले.

वॉल आणि वाणी याच जोडीने १९६६ मध्ये चीनमधल्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. सत्तरीच्या सुरुवातीला ते माणसांवर वापरून पाहिलं तर मूत्राशयाला भयंकर त्रास, बंद केलं. नंतर १९८५ च्या सुमारास ते टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला अडवतं हे कळलं, मग रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान तयार झाली आणि दोन्ही १९९६ मध्ये मान्य झाली.

आणि सदाफुली तर आपल्या दारात असते. तिचा गुण पेशींच्या प्लेटमध्ये सापडलाच नाही, जमैकात मधुमेहावर पानांचा चहा पितात म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर ते तपासत होते, साखर काही उतरेना पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातून १९५८ ला व्हिनब्लास्टिन, पुढे एलाय लिली कंपनीत व्हिनक्रिस्टिन, जे आजही मुलांच्या ल्युकेमियात वापरतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९६० ते १९८२ या काळात वनस्पतींचे एक लाखाहून जास्त अर्क तपासले, त्यातून औषधं निघाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

म्हणजे सदाफुलीची पानं खाल्ली तर?

अजिबात खाऊ नका. औषधात व्हिनक्रिस्टिनची मात्रा मिलिग्रॅममध्ये, अंगाच्या आकाराप्रमाणे मोजून, शिरेतून देतात, तरीही नसांना त्रास होतो. पानात किती आहे हे कोणालाच माहीत नसतं.

लक्ष्मणफळ किमोपेक्षा १०,००० पट ताकदवान आहे असा मेसेज येतो. खोटा आहे का?

आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा लावलाय. १९९६ च्या एका पेपरमध्ये लक्ष्मणफळाच्या बियांमधून काढलेला एक शुद्ध घटक आतड्याच्या कॅन्सरच्या एका सेल लाइनवर अ‍ॅड्रियामायसिनच्या १०,००० पट प्रभावी दिसला होता. बिया, गर नव्हे. एक घटक, फळ नव्हे. प्लेट, माणूस नव्हे. त्याच कुळातला अ‍ॅनोनासिन हा या झाडातला घटक मेंदूच्या पेशींनाही विषारी आहे, आणि कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर हे फळ आणि पानांचा चहा जास्त घेणाऱ्या लोकांमध्ये पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला. कधीतरी फळ खाल्लं तर घाबरायचं कारण नाही, पण कॅन्सरवर म्हणून रोज पानं उकळून देऊ नका.

आणि हळद?

कर्क्युमिन प्लेटमध्ये जवळजवळ प्रत्येक टेस्टमध्ये "काम करतं", आणि अडचण तीच आहे. ते स्वतः रंगीत, स्वतः चमकणारं, मीडियममध्ये भराभर तुटणारं आणि भेटेल त्या प्रथिनाला चिकटणारं, त्यामुळे मोजणीलाच फसवतं. चाचण्यांमध्ये लोकांना रोज ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं तरी रक्तातली पातळी प्लेटमध्ये वापरतात त्यापेक्षा कित्येक पटींनी कमी राहिली. हळदीत ते साधारण ३ टक्के, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोच्या वर हळद. भाजीत घाला, दुधात घाला, उपचार म्हणून मोजू नका.

आईची किमो चालू आहे, सोबत काढा दिला तर काय बिघडतं?

बिघडू शकतं, म्हणून काहीही देण्याआधी तिच्या ऑन्कॉलॉजिस्टला सांगा, अगदी नाव-कंपनीसकट, न लाजता. बरीच औषधं यकृतातल्या ठरावीक एन्झाइमांनी फोडली जातात आणि वनस्पती ती एन्झाइमं वाढवतात किंवा दाबतात, मग किमो कमी पडते किंवा अंगावर येते. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इरिनोटेकानच्या सक्रिय रूपाची पातळी ४० टक्क्यांच्या आसपास घटलेली पेशंटमध्ये मोजलेली आहे. आणि उपचार सोडून फक्त पर्यायी औषधांवर जाऊ नका. २०१८ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मंडळींनी २८१ अशा पेशंटची तुलना उपचार घेणाऱ्यांशी केली तर मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, आणि हे बहुतेक बरे होण्यासारख्या टप्प्यातले कॅन्सर होते.

आमच्याकडे सेल कल्चर नाही, टेस्ट कुठे करून मिळेल?

खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये अँटीकॅन्सर ड्रग स्क्रीनिंगची सोय आहे, एसआरबी पद्धतीने, अ‍ॅड्रियामायसिन सोबत ठेवून. नमुना पाठवण्याआधी विद्राव्यता नीट बघा, प्लेटमध्ये साका बसला तर तो रिझल्ट काही कामाचा नाही.

नरक्यावर काम करायचंय, जंगलातून आणू का?

परवानगीशिवाय नको. नरक्या आपल्या सह्याद्रीतलंच, सातारा-कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या पट्ट्यातलं लहानसं झाड, त्यातही कॅम्प्टोथेसिन आहे हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं आणि तेव्हापासून त्याच्या मागे तोड लागली. सालीसाठी आणि मुळासाठी अख्खं झाड जातं, चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतायत. वनखात्याची लेखी परवानगी घ्या, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे तुम्हाला काय लागू होतं ते नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे विचारा, आणि शक्य असेल तर पानांवर किंवा रोपवाटिकेतल्या रोपांवर काम करा. दहा ग्रॅम पावडरीसाठी झाड पाडायचं नसतं.

सहा महिने घालवले आणि काहीच अ‍ॅक्टिव्हिटी नाही. आता?

लिहा. १०० मायक्रोग्रॅमपर्यंत, अमुक लाइनवर, ७२ तासांत परिणाम नाही, सोबतचं औषध मात्र नीट चाललं, असा स्वच्छ निकाल हाही निकालच असतो आणि तो थिसिसमध्ये गेला तर पुढची मुलगी तीच साल परत वाळवत बसणार नाही. मात्रा हजार-दोन हजारपर्यंत वाढवून काहीतरी मारून दाखवू नका. उरलेला अर्क लेबल लावून उणे २० ला ठेवा, त्यावर वनस्पतीचं नाव, भाग, सॉल्व्हंट, तारीख आणि नमुना क्रमांक, आणि लेबलवर पेन्सिलने लिहा, मेथनॉलचा हात लागला की पेनाची शाई जाते.